वरचे की खालचे?

खालचे घाबरट होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की शूर माणसाची गोष्ट म्हणून बसवून घेतलं आणि निघालं भलतंच. घरातून निघताना गॅस बंद आहे का हे ते तीनदा बघायचे, आणि जिना उतरून झाल्यावर चौथ्यांदा बघायला परत वर यायचे. बायको दारातच उभी असायची. "बंद आहे," एवढंच म्हणायची आणि त्यांना आत न घेता दार लावून टाकायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. यांच्या पाठी ब्रह्मराक्षसांचं अख्खं एकत्र कुटुंब होतं.

पण त्यांच्या कामाला असलाच माणूस लागतो. सात मजली हॉस्पिटलच्या दोन लिफ्ट सव्वीस वर्षं त्यांच्या ताब्यात होत्या. एक लहान, माणसांची. एक मोठी, स्ट्रेचर मावेल अशी. सव्वीस वर्षांत त्यांच्या लिफ्टमध्ये कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तळघरातल्या आपल्या खोलीत डबा खाता खाता ते एकदम घास थांबवायचे, कारण पाचव्या मजल्यावर दार बंद होताना जो आवाज व्हायला हवा तो झालेला नसायचा. सोबत जेवणाऱ्याला काहीच ऐकू आलेलं नसायचं. तो बिचारा आपल्या डब्याकडे संशयाने बघायचा.

'खालचे' हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव चांगलं भारदस्त होतं, आजोबांनी हौसेने ठेवलेलं, आणि सतरा वर्षं ते त्यांनी एकट्याने सुखाने वापरलं. मग हॉस्पिटलमध्ये हृदयाची ऑपरेशनं करणारे एक डॉक्टर आले. त्यांचंही नाव तेच आणि आडनावही तेच. वडिलांची नावं वेगळी होती. पण मधलं अक्षर वाचायला सवड कुणाला असते? पहिल्याच आठवड्यात तळघरात फुलांचे चार गुच्छ आले. परदेशातल्या कुठल्याशा परिषदेचं निमंत्रण आलं. तिकडे डॉक्टरांना भर दुपारी फोन गेला की मोठी लिफ्ट अडकली आहे, आत माणसं आहेत, असाल तसे या. ते बिचारे गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून खरंच धावत आले आणि बंद दारासमोर उभे राहून आतल्यांना धीर देत बसले.

यावर तोड काढली टेलिफोन एक्स्चेंजवरच्या बाईंनी. डॉक्टरांची खोली सहाव्या मजल्यावर, आणि यांची तळघरात. तेव्हापासून या नावाने कुणी फोन मागितला की बाई विचारायच्या, "वरचे की खालचे?" महिन्याभरात सगळं हॉस्पिटल तसंच बोलायला लागलं. नवीन पेशंटचे नातेवाईक मात्र दचकायचे. तुमची फाईल वरच्यांकडे पाठवली आहे असं कुणी सांगितलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

खालच्यांच्या बायकोला या प्रकाराची भारी गंमत वाटे. ती टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायची, त्यामुळे या विषयातला अधिकार आपला आहे असं तिचं मत होतं. "आम्ही नाव बघतच नाही, पत्ता बघतो," ती म्हणायची. "एका नावाची सतरा माणसं निघतात. नावावर टपाल वाटायला लागलो तर गावभर भांडणं लागतील." आणि वर टोमणा असायचाच, की तो माणूस काळजं दुरुस्त करतो आणि आमचे हे लिफ्टचे पाळणे, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खालचे हसायचे. पण आत त्यांना एक धाकधूक कायम असायची. एखाद दिवशी कुणी घाईत आपल्याला डॉक्टर समजून विचारील, अमुक औषध देऊ का, आणि आपण दुसऱ्याच तंद्रीत हो म्हणून बसू. म्हणून फोन उचलला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं: मी खालचा बोलतोय. नऊ वर्षांत त्यांनी हे वाक्य एकदाही गाळलं नाही. ते सावध होते यात शंकाच नाही. फक्त चुकीच्या दिशेला तोंड करून सावध होते.

त्यांच्या कामातला एक नियम इथे सांगायला हवा. लिफ्टच्या वर किंवा खाली उतरायचं असलं की ते तळमजल्यावरच्या विजेच्या बोर्डाच्या खोलीत मोठा खटका खाली ओढायचे आणि त्याला पत्र्याची एक पाटी अडकवायचे. पाटीवर तांबड्या रंगात लिहिलेलं होतं, माणूस आत आहे, आणि त्याखाली त्यांचं पूर्ण नाव. ज्याचं नाव पाटीवर आहे त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कुणाला काढायची झालीच, तर फोन करून त्या माणसाच्या तोंडून होकार आपल्या कानांनी ऐकायचा, मगच हात लावायचा. हा नियम त्यांनीच भांडून भांडून हॉस्पिटलच्या गळी उतरवला होता. तरुणपणी ज्या मिस्त्रीच्या हाताखाली ते शिकले, त्या मिस्त्रीचा पाय त्यांनी डोळ्यांदेखत गेलेला पाहिला होता. कुणीतरी सहज जाता जाता खटका वर केला होता.

तर बायकोला दम लागायला लागला. आधी टपाल कचेरीचा जिना चढताना, मग घरातल्या घरात, मग नुसतं बोलताना. तिचे टोमणे अर्ध्यावर तुटायला लागले तेव्हा खालच्यांनी तिला हॉस्पिटलमध्ये आणलं. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आवळत चालली होती, ती बदलायला हवी होती. वरच्यांनी स्वतः कागद बघितले आणि म्हणाले, मी करतो, पण पुढच्या आठवड्यातच करू, आता हे लांबवण्यात अर्थ नाही. संमतीच्या कागदावर नवरा आणि डॉक्टर दोघांच्या जागी एकच नाव आलं. वॉर्डातल्या कारकुनाला वाटलं आपण चुकून दोनदा लिहिलं, म्हणून त्याने नवऱ्याचं खोडून टाकलं. ते परत लिहून घेताना बायको पलंगावरून म्हणाली की ठेवा तसंच, दोघांपैकी कुणीतरी एक शहाणा असला म्हणजे झालं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मोठी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली. आपोआप, कारण नसताना. मिनिटभराने आपोआप चालूही झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खालच्यांनी शोधलं तेव्हा दोष खड्ड्यातल्या खटक्यात निघाला. लिफ्टच्या विहिरीच्या तळाशी एक खड्डा असतो, तिथे उतरणाऱ्याने लिफ्ट जागच्या जागी थांबवावी म्हणून एक लहान खटका बसवलेला असतो. त्याची आतली पट्टी सैल झाली होती. नवा खटका ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मिळाला. साहेब म्हणाले, तुम्ही उद्या रजेवर आहात, पुढच्या आठवड्यात बघू. पण बायकोला तिसऱ्या मजल्यावरून सहाव्यावर न्यायचं होतं. लहान लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नव्हतं. ती नेमकी चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकली, दम लागलेली, आडवी, हे चित्र खालच्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहाला, रजेवर असलेले खालचे कामावर आले. मोठा खटका ओढला, पाटी अडकवली, दोनदा बघितली, आणि तळघरातल्या लोखंडी दारातून रांगत खड्ड्यात शिरले. खड्डा पुरुषभरसुद्धा खोल नव्हता. तळाशी दोन जाड स्प्रिंगा, तेलकट धूळ, आणि वर्षानुवर्षं फटीतून पडलेल्या वस्तू: पेनांची टोपणं, एक गोळ्यांची पट्टी, तान्ह्या मुलाचा मोजा. त्यांनी लोखंडी घोडा उभा केला आणि त्यावर चढून, वर दाराच्या उंबऱ्याजवळ बसवलेला जुना खटका काढला. काढल्यावर त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून ठेवाव्या लागतात, नाहीतर पुढची तपासणी होत नाही. म्हणजे तेवढा वेळ खड्ड्यातून लिफ्ट थांबवायचं काहीच साधन उरत नाही. उरते ती फक्त वरची पाटी.

नवा खटका भिंतीला धरून ते स्क्रू शोधत होते. तेवढ्यात वरून, पार गच्चीवरच्या मोटरीच्या खोलीतून, खट् असा आवाज आला.

तो कसला आवाज आहे हे डोक्याला कळायच्या आत त्यांच्या अंगाला कळलं. ते घोड्यावरून खाली पडले, की त्यांनी उडी मारली, हे त्यांना पुढे कधीही सांगता आलं नाही. स्प्रिंगांच्या मधल्या जागेत ते पालथे झाले. दोरांची घरघर जवळ येत गेली, अंधार खाली आला, पत्रा चिरडल्याचा आवाज झाला आणि सगळं थांबलं. लिफ्टचा तळ त्यांच्या पाठीपासून हातभर वर होता. डोक्यावर ढकलगाडीची चाकं वाजली, कुणीतरी खोकलं, दारं बंद झाली आणि लिफ्ट पुन्हा वर गेली. त्यांना ओरडायचं होतं. पण घशातून हवाच निघेना. डाव्या हाताची दोन बोटं घोडा आणि लिफ्टचा रूळ यांच्यामध्ये सापडून सोलवटली होती. घोडा तर असा चेपला होता की तो घोडा होता हे सांगावं लागलं असतं.

रांगत, भिंत धरत ते तळमजल्यावर आले. बोर्डाच्या खोलीबाहेर सुरक्षारक्षक उभा होता. हा आठवड्यापूर्वीच मागच्या फाटकावरून इकडे बदलून आला होता. सगळ्यांना सलाम ठोकायचा म्हणून लोक त्याला हवालदार म्हणत. त्याने पाटी काढून, रुमालाने पुसून, भिंतीशी नीट उभी करून ठेवली होती.

"झालं ना तुमचं काम?" तो म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात म्हणून लगेच चालू केली. सहाव्यावरच्या सिस्टर हत्यारांच्या गाडीसाठी कधीच्या खोळंबल्या होत्या."

"मी कधी हो म्हणालो?"

"आत्ता, फोनवर. मी नियमाप्रमाणे एक्स्चेंजला सांगितलं, पाटीवर नाव आहे त्या माणसाला लावून द्या. विचारलं, तुमचं झालंय का, चालू करू का. तुम्ही म्हणालात, हो, झालंय, करा चालू."

बोलता बोलता त्याची नजर खालच्यांच्या हाताकडे गेली. बोटांवरून रक्त थेंब थेंब फरशीवर पडत होतं. खालच्यांनी एवढंच विचारलं, की आज एक्स्चेंजवर कोण आहे. नेहमीच्या बाई रजेवर होत्या. बदलीवर एक नवी मुलगी होती, आणि तिला 'वरचे की खालचे' हे विचारायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिने यादीत पहिलं दिसलेलं नाव जोडून दिलं होतं.

सकाळी साडेसहाला वरचे ऑपरेशनच्या खोलीत होते. हृदय थांबवल्यावर त्याचं काम करणारं जे यंत्र असतं, ते ते स्वतः तपासून घ्यायचे आणि मग तंत्रज्ञाला चालू करायला सांगायचे. फोनवर कुणीतरी विचारलं, झालंय का, चालू करू का. त्यांचं झालं होतं. ते हो म्हणाले. कुणाची म्हणून चूक नव्हती. प्रत्येकाने आपापला नियम अक्षर न् अक्षर पाळला होता, आणि खालचे मरता मरता वाचले होते.

हवालदार मटकन खुर्चीत बसला. मग उठला. आता ताबडतोब कळवायला हवं, म्हणाला. साहेबांना, एक्स्चेंजला, वरच्या डॉक्टरांना. असं काही घडलं की ज्याचा ज्याचा संबंध आला त्या प्रत्येकाला त्याच क्षणी सांगायचं, हाही नियमच होता. आणि तो कुणाचा होता हे वेगळं सांगायला नको.

आधी खटका बसवायला हवा होता. खालच्यांनी बोटांना फडकं गुंडाळलं, मोठा खटका ओढला, हवालदाराला त्याला पाठ लावून उभं केलं, प्रत्यक्ष यम आला तरी हलू नका म्हणून बजावलं, आणि परत त्याच खड्ड्यात उतरले. एरवी डोळे मिटून बसवला असता असा तो स्क्रू. सात वेळा हातातून पडला. आठव्यांदा भोकावर टेकला तर भोकच सापडेना, कारण हात जागेवर राहत नव्हता. मनगट गुडघ्यावर दाबून धरलं तर गुडघाही हलत होता. खटका बसला तेव्हा घड्याळात सव्वासात वाजले होते. पाऊण तास झाला होता आणि हात अजून थरथरतच होता.

तिथेच, त्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत, त्यांचं ठरलं. आपण मरता मरता वाचलो तर आपला हात पाऊण तास हलतो. आपण माणूस मारता मारता राहिलो, हे ज्याला कळेल, त्याचा हात किती वेळ हलेल? आणि तो हात नऊ वाजता कुणाच्या छातीत जायचा आहे? सांगितलं तर डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील, आणि झडप थांबायला तयार नाही असं ते स्वतःच म्हणाले होते. किंवा ढकलणार नाहीत, आणि डोक्यात हे घेऊन आत जातील. खालच्यांना दोन्हींची सारखीच भीती वाटली. जन्मभर ताकही फुंकून प्यायलेला माणूस, पण आज फुंकायचं कशावर तेच कळेना.

वर आल्यावर ते हवालदाराला म्हणाले, "नियम माझा आहे, मला ठाऊक आहे. आज तो मीच मोडतोय. ऑपरेशन संपेपर्यंत तुम्ही कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. आणि माझ्या डोळ्यांसमोरून हलायचं नाही."

एक्स्चेंजवरच्या मुलीला त्यांनी स्वतः फोन केला. सकाळच्या फोनबद्दल माफी मागायला सहाव्या मजल्यावर फोन करू नकोस, दुपारपर्यंत नाही, असं तिला दोनदा सांगितलं. कशाची माफी, असं तिने विचारलं. तेव्हा त्यांना कळलं की तिला काही माहीतच नव्हतं, आणि आता आपणच तिला कोड्यात टाकलं.

साडेसातला बायकोचं स्ट्रेचर आलं. त्यांची मुलगी रात्रभर प्रवास करून पोचली होती आणि आईच्या उशाशी चालत होती. खालचे डावा हात खिशात घालून पायाशी उभे राहिले. लिफ्टचं दार लागलं. तिसरा, चौथा. चौथा सुटल्यावर त्यांनी श्वास धरला. पाचवा. काही झालं नाही. त्यांनी श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला.

"मला नाही भीती वाटत तुमच्या लिफ्टची," बायको हळूच म्हणाली. "तुम्हालाच वाटते." मग थोडं थांबून, दम घेऊन म्हणाली, "हात खिशात काय घालून उभे आहात? धरा की."

त्यांनी उजवा पुढे केला. तिचा हात गार होता. या बाईशिवाय आपल्याला घरातला गॅससुद्धा बंद आहे की नाही कळणार नाही, हे त्यांना त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की डोळे भरून आले, आणि पुसायला दुसरा हात बाहेर काढता येईना.

सहाव्या मजल्यावर दाराशी वरचेच उभे होते. त्यांनी बायकोशी दोन शब्द बोलून घेतले, मुलीला धीर दिला, आणि आत जाता जाता वळले.

"सकाळी मला कुणीतरी विचारत होतं, काम झालं का म्हणून. मी यंत्राचं समजून हो म्हणालो. नंतर वाटलं, तुमचा तर नव्हता फोन?" ते जरा हसले. "सवयच आहे म्हणा आपल्याला. काही खोळंबलं नाही ना त्यामुळे?"

हवालदार दोन पावलांवर उभा होता. तो खालच्यांकडे बघत होता. खालच्यांची मूठ खिशात आवळली गेली तशी बोटांतून कळ थेट खांद्यापर्यंत गेली.

"नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "काही नाही खोळंबलं."

दार बंद झालं. त्यावरचा दिवा लागला.

पुढचे पाच तास कसे गेले ते खालच्यांनाच माहीत. बाकाच्या एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला गणवेशातला हवालदार, मध्ये हे. येणारीजाणारी माणसं आधी हवालदाराकडे बघत, मग यांच्याकडे, आणि जरा लांबून जात. एका म्हातारबाबांनी तर मुलीला बाजूला घेऊन विचारलं की वडिलांना कशासाठी धरलंय. मुलीलाही काही कळत नव्हतं. मग तिने वडिलांचा खिशातला हात ओढून बाहेर काढला आणि तिचा चेहराच बदलला. कामात लागलं, ते म्हणाले. कसल्या कामात, असं तिने विचारलं. त्यांनी हात परत खिशात घालायला बघितलं. ती कुठूनतरी पट्टी घेऊन आली आणि काही न बोलता बांधायला लागली. आईवर गेली होती, पण न बोलणं वडिलांचं होतं.

दहा वाजता हवालदार उठला. पाणी प्यायला जातोय, म्हणाला. खालचे त्याच्याबरोबर पाण्यापर्यंत गेले. साडेदहाला एक नर्स धावत बाहेर आली आणि धावतच आत गेली, हातात काहीतरी घेऊन. कुणी काही सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या टेबलावरचा फोन वाजला की खालचे अर्धे उठायचे. एक्स्चेंजवरच्या त्या मुलीने आत लावला असेल तर? आत कुणीतरी सहज म्हणालं असेल तर, डॉक्टर, सकाळी खाली काय झालं कळलं का? त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. दिसत होते ते फक्त दोन हात, हातमोजे घातलेले, आणि ते हात स्थिर आहेत की नाहीत एवढंच त्यांना बघायचं होतं.

बाराच्या सुमाराला हवालदार खालच्या आवाजात म्हणाला की त्याची नोकरी जाईल. उशिरा सांगितलं म्हणून जाईल, म्हणाला, चूक केली म्हणून नाही. खालच्यांना त्याची दया आली आणि रागही आला. तुमचं नाव येणार नाही, असं काही ते बोलले नाहीत. खोटं आश्वासन द्यायची त्यांची जीभच नव्हती. सकाळपासून एकच खोटं बोलले होते आणि ते अजून घशात अडकलं होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी दिवा विझला. वरचे बाहेर आले. टोपी, तोंडावरचा मास्क तसाच, कपाळावर टोपीचा वळ. मुलगी उठली आणि उभी राहूनही पुढे जाईना. वरच्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. झडप नीट बसली, म्हणाले. हृदय पहिल्याच झटक्यात चालू झालं. दोन दिवस काळजी घ्यायची, पण घाबरण्यासारखं काही नाही. मुलगी रडायला लागली आणि रडत रडतच आईला काचेतून बघायला मिळेल का असं विचारत नर्सबरोबर गेली.

खालचे मात्र बाकावरून उठले नव्हते. उठता येत नव्हतं. आनंद झाला होता, इतका की छातीत दुखत होतं. हवालदार त्यांच्याकडे बघत होता. त्या बघण्यात तगादा नव्हता. तोही दमला होता.

"डॉक्टर," खालचे म्हणाले, "तुम्ही विचारलंत ना सकाळी, काही खोळंबलं का."

"हो."

"तो फोन माझाच होता. मोठ्या लिफ्टच्या खटक्यावर माझी पाटी होती. तुम्ही हो म्हणालात तेव्हा मी खाली खड्ड्यात होतो." त्यांनी पट्टी बांधलेला हात वर केला. "एवढ्यावर निभावलं. तुमची काही चूक नाही. यांचीही नाही. पण आज सांगितलं नाही तर उद्या तिथे दुसरा कुणी असेल, म्हणून सांगतोय."

वरचे ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्यांनी हवालदाराकडे बघितलं, आणि हवालदाराने मान खाली घातली तेव्हा त्यांना ते पोचलं.

"मी दारात विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा ती आत जायची होती," खालचे म्हणाले. "तुमच्या हातात."

वरच्यांनी मास्क काढायला हात मानेमागे नेले, आणि दोरीची गाठ त्यांच्या बोटांना लागेना. एकदा लागली, सुटली. पुन्हा शोधली. हात खाली घेऊन त्यांनी ते समोर धरले आणि बघत राहिले. दोन्ही हात थरथरत होते, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत. पाच तास खालच्यांनी ज्याची धास्ती घेतली होती ते आता त्यांच्या समोर होतं, आणि हे सकाळी नऊला झालेलं नव्हतं.

खालचे बाकावरून उठले. वरच्यांच्या मागे गेले. वरचे उंच होते. त्यांनी मान वाकवली. मास्कची गाठ घट्ट बसली होती, घामाने ओली झाली होती. ती सुटायला बराच वेळ लागला, कारण खालच्यांचीही बोटं अजून धड नव्हती.